जुनं फंक्शन परवा बंद

पुण्यातला 'परवा' हा शब्द रबराचा आहे. आमच्या सोसायटीचे चेअरमन "परवाच तर लिफ्ट बसवली" म्हणतात, तेव्हा त्या लिफ्टला आठ वर्षं झालेली असतात. माझा शिंपी "परवा या" म्हणतो, आणि त्याच्या अशाच एका परवाचं ब्लाउज अखेर हातात पडलं तेव्हा ते माझ्या मुलीला बसलं. गेलेला दिवस त्यात मावतो, येणारा दिवस मावतो, आणि कधीच न येणारा दिवस तर पाय पसरून मावतो. पन्नाशी उलटेपर्यंत या शब्दानं माझं काही बिघडवलं नव्हतं. मग त्यानं एका मुलीचा ट्रॅक्टर पाताळात घातला. ढकलायला मी होते.

मी हिंजवडीत, गेम इंजिन बनवणाऱ्या एका कंपनीत लिहायचं काम करते. गेम इंजिन म्हणजे गेम नव्हे. ज्याला गेम बनवायचाय त्याला गुरुत्वाकर्षण, ऊन, सावली, धडक हे सगळं आयतं मिळावं म्हणून केलेलं ते अवाढव्य सॉफ्टवेअर. स्वयंपाक त्यानं करायचा. शेगडी, भांडी, पाट-पाणी आमचं. आणि कुठली कळ फिरवली की काय होतं हे सांगणारी हजारभर पानं आहेत, ती माझी. एवढं समजावूनही सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतातच, "सून गेम खेळायला जाते. डबा घेऊन."

याआधी वीस वर्षं मी मिक्सर, इस्त्र्या आणि कुकर यांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. स्वतःची स्तुती करू नये, पण दुसरं कुणी करत नाही. माझी कुकरची पुस्तिका इतकी चोख होती की सांगलीकडच्या एका घरात म्हणे ती नुसती ओट्यावर उघडून ठेवली आणि कुकरनं आपण होऊन तीन शिट्ट्या दिल्या. मी हे पाहिलेलं नाही. नाकारतही नाही. सांगायचा मुद्दा, गेम इंजिनवाल्यांकडे मी आले ती मान ताठ ठेवून, आणि 'माझ्या पानात चूक सापडत नसते' हे वाक्य ओठांवर घेऊन.

आमचे मुख्य अभियंता माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, पण स्वभावानं माझ्या सासऱ्यांचे सासरे. अस्सल पेठेतले. शब्द जपून वापरतात आणि क्रियापदं तर वापरतच नाहीत. साठवून ठेवतात, बहुधा पुढच्या पिढीसाठी. "चहा?" "नको." "मीटिंग?" "चारला." लग्नाची मागणीसुद्धा त्यांनी "आपण. डिसेंबर?" एवढ्यावर उरकली, असं त्यांची बायकोच सांगते. हे इंजिनमध्ये जे बदल करतात ते मला मराठीत कळवतात, दीड ओळीत, आणि मी त्याचं सालंकृत इंग्रजी करून पानावर चढवते.

तर एका बुधवारी त्यांचा निरोप आला: "जुनं कोलिजन फंक्शन परवा बंद."

फंक्शन म्हणजे इंजिनाला विचारायचा एक ठरावीक प्रश्न. हे कोलिजनवालं फंक्शन विचारतं, या दोन वस्तू एकमेकींना धडकल्या का? उत्तर येतं, हो किंवा नाही. 'हो' आलं तर गेममधली गाडी थांबवायची. साधं, भरवशाचं, म्हातारं फंक्शन होतं. ते बंद होणार याचं मला जरा वाईटच वाटलं. म्हणजे काय, बुधवारी 'परवा' म्हटलं की मला शुक्रवार दिसला. नवी आवृत्ती सोमवारीच बाहेर पडली होती. शुक्रवारी केलेला बदल लोकांपर्यंत जाणार पुढच्या आवृत्तीतून, तीन महिन्यांनी. मी हा सगळा विचार पंधरा सेकंदांत केला, स्वतःच्या तल्लखपणावर खूश झाले, आणि पानावर लिहिलं की हे फंक्शन पुढच्या आवृत्तीत बंद होईल, तोवर निर्धास्त वापरावं. 'निर्धास्त' माझा. मुख्य अभियंत्यांच्या दीड ओळीत धास्ती नव्हती तशी निर्धास्तीही नव्हती, पण वाक्याला जरा गोलाई हवी म्हणून मी तो घातला.

दोनेक आठवड्यांनी, सोमवारी, मांजरीहून एका मुलीचं पत्र आलं. ती आणि तिचा संगणक, एवढाच तिचा स्टुडिओ. घर ऊसवाल्यांचं, आणि गेमही उसाचाच: ट्रॉली भरायची, ट्रॅक्टर जोडायचा, खड्डे चुकवत कारखान्याच्या गेटपर्यंत न्यायची. गेटला ट्रॉली थांबायला हवी. तिची थांबत नव्हती. "मॅडम, तुमचं पेज अकरा वेळा वाचलं. त्यात लिहिलंय तसंच केलंय, तरी होत नाही, म्हणजे मिस्टेक माझीच असणार. प्लीज कुठे चुकतंय ते सांगाल का? शनिवारी पब्लिशरला डेमो आहे." खाली स्टुडिओचा, म्हणजे घराचाच, पत्ता. सोबत छोटा व्हिडिओ. ट्रॅक्टर डुलत येतो, गेटमधून आरपार जातो, कारखान्याच्या भिंतीतून जातो, मग जमीन संपते तिथून खाली पडतो. पडतच राहतो. माझ्या अंदाजानं अजून पडत असेल.

आता इथं एखादी भली बाई काय करेल? इंजिन उघडून बघेल. मी भली असेन, पण पुण्यात वाढलेली आहे. मी उत्तर लिहिलं, "आपण पान बाराव्यांदा वाचून पाहावे."

लिहून इतकी खूश झाले की शेजारच्या टेबलावरच्या मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सॅव्हेज, काकू." मी ती दाद समजले.

मंगळवारी संध्याकाळी तिचं उत्तर आलं. तिनं पान खरंच बाराव्यांदा वाचलं होतं. उत्तरात टोमण्याचं एक अक्षर नाही. ट्रॉलीची चाकं मोडून नवीन केली, गेट पाडून परत बांधलं, सहा महिन्यांचं काम उलटंपालटं करून झालं, तरी चूक सापडत नाही. "मला बहुतेक हे जमत नाही. शनिवारचं नाही झालं तर मी जॉब बघणार आहे, घरी तसं सांगितलंय. पण निदान चूक काय होती ते कळलं तर बरं वाटेल."

तेव्हा कुठे मी तिचा तो व्हिडिओ परत लावून बघितला. तरी हट्ट सुटेना. तिला दाखवून द्यायचं म्हणून बुधवारी सकाळी मी स्वतः इंजिन उघडलं, दोन ठोकळे घेतले, एक उभा केला आणि दुसरा त्याच्यावर सोडला. दुसरा पहिल्यातून असा गेला, जसा आमच्या सोसायटीच्या वॉचमनसमोरून कुरिअरवाला जातो. मी परत सोडला. परत गेला. अकरा वेळा सोडला. बाराव्यांदा सोडायची हिंमत झाली नाही, मुख्य अभियंत्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"तुमचा तो परवा. कधीचा?"

"परवाचा."

"अहो, गेलेला का येणारा?"

"गेलेला. अर्थात."

"अर्थात कसा? नुसतं 'परवा बंद' लिहिलंय तुम्ही."

"होणार असतं तर 'बंद होणार'."

"आणि झालेलं असतं तर 'बंद झालं'! ते लिहायला शाई लागत होती का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्या ऑफिसात आजवर कुणी न ऐकलेली गोष्ट घडली. ते म्हणाले, "वाक्य माझं अपुरं होतं, हे मला मान्य आहे." पूर्ण वाक्य! क्रियापदासकट! पलीकडच्या दोन टेबलांवरच्या माना वर झाल्या. "पण अपुरं आहे हे दिसल्यावर तुम्ही विचारायला हवं होतं. निर्धास्त कुणी म्हटलं होतं?"

 

झालं होतं ते असं. निरोपाच्या आधीच्या, त्या सोमवारच्याच आवृत्तीत त्यांनी ते फंक्शन बंद केलं होतं. पण समूळ काढलं नव्हतं. काढलं असतं तर ते वापरणारा प्रत्येक जुना गेम सुरूच झाला नसता. म्हणून जागेवर ठेवून आतून गप्प केलं. आता काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, "नाही धडकलं." डोंगराला ट्रेन धडकली तरी "नाही धडकलं." आणि त्या पोरीचा ट्रॅक्टर गेटमधून जाताना ती इंजिनाला विचारत होती, इंजिन नाही म्हणत होतं, पान निर्धास्त म्हणत होतं. दोघांनी मिळून तिला खोटं पाडलं होतं, आणि तिनंही ते मान्य केलं होतं.

"पान दुरुस्त," मुख्य अभियंता म्हणाले. परत काटकसर सुरू. "गाजावाजा नको."

खरं सांगते, हे त्यांनी म्हणायची गरजच नव्हती. टेबलाशी परत जाऊन मी 'बंद होईल' चं 'बंद झालं आहे' केलं, 'निर्धास्त' उडवला आणि इकडेतिकडे बघितलं. कुणाला कळणार? पानावर डागसुद्धा दिसत नव्हता. वाटलं, ती मुलगी आता तेराव्यांदा वाचेल, तिला कळेल, ट्रॉली थांबेल, सगळं गोड. तिला पत्र लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.

गुरुवारी सकाळी तिचं पत्र. "मॅडम, पेजवर आज फंक्शन बंद झालंय असं लिहिलंय. ते आधीपासून तसंच होतं का? मी बारा वेळा वाचूनही मला दिसलं नाही? मला काही कळेनासं झालंय."

मी माझा डबा उघडला होता, तो झाकला. रजेचा अर्ज टाकला, कारण 'कौटुंबिक', आणि मांजरीला निघाले.

हिंजवडी शहराच्या या टोकाला, मांजरी त्या टोकाला. हिंजवडीच्या वाहतुकीबद्दल मी अतिशयोक्ती करते असं लोक म्हणतात. आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक मुलगा आणि एक मुलगी शेजारी बसले, गप्पा झाल्या, जमलं, आणि फ्लायओव्हर येईपर्यंत डोहाळजेवण उरकलं होतं. मी स्वतः हिरव्या बांगड्या भरल्या. त्या दिवशीही रस्ता असाच होता, त्यामुळे माफीचा मजकूर तयार करायला वेळ भरपूर मिळाला. चार मसुदे केले. पहिल्यात सगळा दोष मुख्य अभियंत्यांचा होता. दुसऱ्यात मराठी भाषेचा. तिसऱ्यात शिंप्याचासुद्धा उल्लेख होता. चौथा मांजरी फाट्याला उतरताना रिक्षात विसरले.

घर उसाच्या कडेला, समोर नव्या इमारतींचे सांगाडे. दारात तिचे वडील उभे होते. मुलगी मागून आली, पंचविशीची, डोळे सुजलेले. मी नाव-गाव सांगितलं तर ती चपापून म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला आलात? सॉरी, मी खूपच मेल केले का?"

मी सगळे मसुदे गिळले. म्हटलं, "पान चुकीचं होतं. मी चुकीचं लिहिलं होतं. काल गुपचूप बदललं. तू बारा वेळा वाचलंस ते बरोबर वाचलंस."

तिच्याआधी वडील बोलले.

"म्हंजी पोरीचं बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

"गाडी थांबंना ती तिच्या चुकीनं न्हाई?"

"नाही. माझ्या."

"तीन दिस झालं, पोरगी जेवत न्हाई. म्हनती मला काय येत न्हाई, मी नोकरी धरते." ते माझ्याकडे बघत होते, रागानं नव्हे, जरा तपासून बघावं तसं. "आन् ह्ये झालं कशापायी?"

मी 'परवा'ची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "आवं बाई, आमच्याकडं पाण्याची पाळी परवा म्हनलं की पयलं इचारत्यात, गेल्ला परवा का येता परवा? न्हाई इचारलं तर ऊस वाळतो. तुमाला कुनी शिकिवलं न्हाई व्हय?"

बारा वर्षांचं शिक्षण, वीस वर्षांचा अनुभव, आणि तो सांगलीचा कुकर. नाही शिकवलं कुणी.

"बरं मग," ते म्हणाले, "ह्ये लिहून द्या."

"काय?"

"ह्येच. चूक तुमची, पोरीचं बरोबर. तोंडानं सांगून काय उपेग? तुमचं लिवलेलंच बगून बसली हुती ना ती?"

"अण्णा, काय बोलताय?" मुलगी म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिलाही ते हवं होतं हे मला दिसलं.

त्याआधी ट्रॉली थांबवायला हवी होती. जुन्या फंक्शनच्या जागी नवं आलं होतं, ते जास्त हुशार. विचारावं लागत नाही, धडक झाली की आपण होऊन हाक मारतं. फक्त त्याचं पान अजून कुणी लिहिलं नव्हतं. कुणी म्हणजे मी. म्हणून आम्ही दोघी तिच्या टेबलाशी बसलो. मी एक वाक्य लिहायचं, तिनं ते शब्दशः करायचं.

मी आयुष्यात हजारो पानं लिहिली, पण माझं पान वाचणारा माणूस वाचताना कधी पाहिला नव्हता. शेफ कधी गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही म्हणतात, ते बरंच आहे. मी लिहिलं, "गेटला धडक-पेटी जोडा," म्हणजे धडक ओळखणारी, डोळ्यांना न दिसणारी चौकट. तिनं जोडली. गेट उडून आकाशात गेलं. "मॅडम, पेटी केवढी ते नाही लिहिलं." लिहिलं. गेट खाली राहिलं, ट्रॉली आकाशात गेली. "मॅडम, आधी ट्रॉलीला की आधी गेटला?" मी म्हटलं, "ते उघड आहे ना." ती म्हणाली, "मला नाही उघड." तिच्या स्वरात पहिल्यांदाच काहीतरी ताठ झालं होतं. मी ते वाक्य खोडलं. दुसरंही खोडलं. माझं ते सालंकृत इंग्रजी एकेक दागिना उतरवत शेवटी नुसत्या सुती पातळावर आलं. अण्णा दोनदा चहा ठेवून गेले आणि पडद्याकडे बघून एकदा म्हणाले, "ट्रॉलीची मोळी उजवीकडं कलतीया, अशी भरत न्हाईत." तिनं तेही दुरुस्त केलं.

उन्हं उतरायच्या आत ट्रॅक्टर डुलत आला, गेटला टेकला आणि थांबला. 

शुक्रवारी नवं पान चढवलं आणि जुन्या पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: या पानावर मागचे दोन-तीन आठवडे चुकीची माहिती होती. हे फंक्शन चालतं असं लिहिलं होतं. ते चालत नव्हतं. चूक पान लिहिणारीची. या काळात ज्यांना आपला गेम आपल्या हातून बिघडला असं वाटलं, त्यांचा तो त्यांच्या हातून बिघडला नव्हता.

मुख्य अभियंत्यांनी ते वाचलं. "चारचौघांत शोभा," म्हणाले.

"असू दे."

"कायमची?"

"हो."

त्यांनी माझा कळफलक स्वतःकडे ओढला. मग 'पान लिहिणारीची' याच्या पुढे त्यांनी स्वतः टंकलं, 'आणि तिला अर्धवट कळवणाऱ्याची'. आणि चहाला गेले. दुपारपर्यंत आणखी चौघांची पत्रं आली होती. त्यातल्या एकानं याच भानगडीत आख्खा किल्ला पाडून परत बांधला होता. त्यानं मला जे लिहिलं ते इथं देत नाही, मुलं वाचतात.

शनिवारी सकाळी अकराला तिचा डेमो. मी घरी मटार सोलत होते, म्हणजे टोपल्याकडे कमी आणि फोनकडे जास्त बघत होते. साडेअकराला फोन आला, कुजबुजता.

"मॅडम, थांबली."

"वा!"

"निघत नाहीये. गेट उघडलं तरी ट्रॉली हलत नाही. ते लोक बघतायत."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. थांबवायचं कसं ते आम्ही ओळीनं लिहिलं होतं. सोडायचं कसं, यावर एक अक्षर नव्हतं. "मग? काय म्हणाले ते?"

"एक जण म्हणाला, क्यू फारच रिअल वाटतोय, आमच्या गावी कारखान्यावर ट्रॉल्या अशाच तासन्‌तास उभ्या असतात. दुसरा म्हणाला, असंच ठेवा. आता ते चहा घेतायत. पुढची लेव्हल करून तीन महिन्यांनी दाखवा म्हणालेत." मग जरा थांबून, "मी त्यांना सांगितलं की हा बग आहे. खोटं कशाला. तर म्हणाले, मग सोडवून दाखवा, आम्ही आहोत अर्धा तास."

मी मटार ढकलले, लॅपटॉप ओढला, मुख्य अभियंत्यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, मी विचारलं, परत विचारलं, आधी की नंतर ते विचारलं, ते वैतागले, मी तरी विचारलं. मग तिचा फोन कानाला धरून वाक्य तयार केलं: धडक संपली की ट्रॉलीची पकड अशी अशी सोडावी.

"ऐक, हे पानावर चढवते, मग तू वाच."

"नको मॅडम, थांबा," ती म्हणाली. आता कुजबुजत नव्हती. "आधी मी करून बघते. चाललं तर चढवा."

पलीकडे कळफलक वाजत होता. मी पान चढवायच्या बटणावरून बोट उचललं आणि वाट बघत बसले.